गाडगेबाबांचा अर्धाच खराटा आपण उचलला



आपल्या जिल्ह्यात बहुतेक ग्रामपंचायतींच्या भिंतीवर गाडगेबाबांचा फोटो लावलेला असतो. डोक्यावर फुटक्या गाडग्याचे खापर, अंगात चिंध्यांचा सदरा आणि हातात खराटा. २०००-०१ साली राज्य सरकारने बाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले, तेव्हा गावोगाव खराटे निघाले. पाखाड्या झाडल्या, गटारे काढली, शौचालये बांधली, काही गावांनी बक्षिसेही मिळवली. हे सगळे चांगलेच झाले. पण मंडळी, बाबा दिवसा गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनात माणसांची डोकी झाडायचे. त्या रात्रीच्या केरात दारूचा नंबर फार वरचा होता. दिवसाचा खराटा आपण उचलला, रात्रीचा मात्र फोटोतच राहिला. म्हणून आज बाबांचे चरित्र दारूच्या अंगाने सांगतो. शेवटपर्यंत वाचा, कारण हे चरित्र एका शेतकरी घराचे आहे आणि तसली घरे आपल्या वाडीतही आहेत.

शेंडगावचे घर

बाबांचे मूळ नाव देबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. जातीने परीट. वडील झिंगराजी, आई सखूबाई. पुढे ज्याच्या नावाने विद्यापीठ निघाले, तो हा मुलगा शाळेत काही शिकला नाही.

त्या काळी त्यांच्या समाजात दारूवाचून कोणतेही कार्य पार पडत नसे. देवाचा नवस असो, लग्न असो, बारसे असो की जातपंचायत असो, बकरे कापायचे आणि दारू वाटायची. जो वाटणार नाही तो कंजूष, जो पिणार नाही तो भाईबंदांतून वेगळा. झिंगराजी काही जन्माचा दारुडा नव्हता. रीत म्हणून घेतली, मग आग्रह म्हणून घेतली, मग सवय झाली आणि सवयीचे व्यसन झाले. पुढे काय होते ते तुम्हांला सांगायला नको. काम मागे पडते, बैल उपाशी राहतो, भांडीकुंडी जातात, माणूस आतून पोखरतो. देबूजी आठेक वर्षांचा असताना झिंगराजी गेला. ऐन उमेदीतला बाप दारूने नेला आणि सखूबाई लहान पोराला घेऊन माहेरी निघाली.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. झिंगराजीला पहिला पेला कुणा वैऱ्याने पाजला नव्हता. तो आपल्याच माणसांनी, आनंदाच्या दिवशी, प्रेमाने हातात दिला होता. आजही बहुतेकांचा पहिला पेला असाच येतो. गावात दारुडा कोण हे सगळ्यांना ठाऊक असते, पण त्याला पहिला पेला कोणी दिला हे कोणी विचारत नाही.

दापुरे : शेती, सावकार आणि अंगठा

सखूबाईचे माहेर मूर्तिजापूर तालुक्यातले दापुरे. आजोळी शेती चांगली होती. देबूजी तिथे वाढला तो गुरांच्या मागे. गोठा झाडायचा, गुरे नदीवर नेऊन धुवायची, वैरण कापायची, मग नांगर, वखर, पेरणी. ज्याला बांधावरचा माणूस म्हणतो तसा तो तयार झाला. रात्री पोरे जमवून भजन म्हणायचा. शेजारी कोणत्याही जातीचा बसला तरी त्याचे त्याला काही वाटत नसे. बाबांना स्वच्छतेचे वेड लागले ते कुठल्या पुस्तकातून नव्हे, गोठ्यातून लागले. गोठा स्वच्छ तर गुरू निरोगी, हे ज्याला कळते त्याला गाव आणि घर वेगळे शिकवावे लागत नाही.

पण या आजोळच्या घरालाही कीड लागली. मामा चंद्रभानजी साधा माणूस होता. सावकाराकडून उचल घेतली, कागदावर अंगठा उठवला आणि कागदात काय लिहिले आहे ते वाचता येत नव्हते. फेडत राहिला तरी कर्ज फिटेना. शेवटी जमीन सावकाराच्या नावावर चढली. त्या धक्क्यातून मामा उठला नाही. बाप दारूने गेला, मामा कर्जाने गेला, आणि दोन्ही वेळा मागे राहिली ती रडणारी बाई आणि तोंडाकडे बघणारी पोरे.

सावकार ताबा घ्यायला माणसे घेऊन शेतात आला तेव्हा जवान देबूजी नांगर सोडून आडवा उभा राहिला. कसलेल्या जमिनीवरून हटायचे नाही असे त्याने ठरवले होते. त्या दिवशी सावकाराच्या माणसांना मागे फिरावे लागले. पंचक्रोशीत या पोराचे नाव झाले. पुढे आयुष्यभर कीर्तनात बाबांनी दोन गोष्टी एकाच दमात सांगितल्या. एक, दारू पिऊ नका. दोन, कर्ज काढून सण आणि लग्न करू नका. पोराला शाळेत घाला, म्हणजे अंगठा उठवायची पाळी येणार नाही, हे तिसरे. या तिन्ही गोष्टी त्यांनी आपल्याच घराच्या जळालेल्या भिंतींवरून वाचल्या होत्या.

आपल्याकडे आज सावकाराच्या जागी विकास सोसायटी आहे, बँक आहे, बचत गट आहेत आणि काही ठिकाणी छुपा सावकारही आहेच. पीककर्ज खतासाठी, फवारणीसाठी आणि मजुरीसाठी मिळते. त्यातले किती रुपये बागेत जातात आणि किती संध्याकाळी बाटलीत जातात याचा हिशेब सातबाऱ्यावर येत नाही. बागायतदाराने बाग कराराने दिली, उचल हातात आली आणि मोसम सुरू होण्याआधीच संपली, असे प्रकार आम्ही शेतावर फिरणारी माणसे बघतो. तुडतुड्याने मोहोर गेला तर पुढच्या वर्षी पुन्हा येतो. बाटलीत गेलेली बाग मात्र परत येत नाही.

बारशाचे जेवण

आता या चरित्रातला सर्वांत मोठा प्रसंग सांगतो. त्यात ना चमत्कार आहे ना लढाई. एक बारसे आहे.

देबूजीचे लग्न १८९२ साली कुंताबाईंशी झाले. पहिली मुलगी झाली, तिचे नाव अलोका. बारशाला भाईबंद जमले. रिवाजाप्रमाणे आज बकरे पडणार आणि दारू वाहणार, अशा तयारीने सगळे आले होते. पण पानात पडले गोडाचे जेवण. बकरे नाही, दारूचा थेंब नाही.

मंडळी, हे आज वाचायला सोपे वाटते. त्या दिवशी ते किती अवघड होते याचा विचार करा. समोर बसलेले सगळे वडीलधारे. त्यांच्या मते हा जातीचा अपमान. उद्या मुलीचे लग्न यांच्यातच जमवायचे, मयताला खांदा यांचाच लागायचा. घरात म्हातारी आई आणि बाळंतीण बायको. त्यातून बाप दारूने मेला म्हणून कुत्सितपणे बोलणारेही असणारच. पंगतीत कुरबुर झाली, नाके मुरडली गेली, पण देबूजी बदलला नाही. ज्या रिवाजाने बाप नेला तो रिवाज पोरीच्या पाळण्याजवळ आणायचा नाही, एवढेच त्याने ठरवले होते.

त्याने दुसऱ्या कुणाला उपदेश केला नाही, ठराव मांडला नाही, सभा घेतली नाही. आपल्या घरचे एक कार्य आपल्या मनाप्रमाणे केले. व्यसनाविरुद्धचे बाबांचे काम सुरू झाले ते इथून, घर सोडण्याच्याही आधी. साधू होऊन दारू सोडा म्हणणे त्या मानाने सोपे आहे. संसारात राहून, भाईबंदांच्या तोंडावर, भरल्या मांडवात नाही म्हणणे कठीण आहे.

आता आपल्याकडे बघा. हळदीच्या रात्री मांडवामागे काय चालते? पूर्वी हळदीला घरच्या बायका गाणी म्हणायच्या. आता कित्येक ठिकाणी हळदीचा खर्च लग्नापेक्षा जास्त होतो आणि त्यात पेट्यांचा हिशेब वेगळा असतो. गणपतीला चाकरमानी गावी येतो आणि भावाला भेट म्हणून बाटली आणतो. शिमग्यात पालखी घरी येते, तिच्यामागे नाचणाऱ्यांत किती जण शुद्धीवर असतात? राखणदाराला आणि वेशीवरच्या देवाला दारू दाखवायची आणि मग आपण प्यायची. भातलावणीला, आंब्याच्या काढणीला गडी टिकावेत म्हणून संध्याकाळी पैशांबरोबर दारू द्यायची. हे सगळे करणारी माणसे वाईट नाहीत. झिंगराजीचे भाईबंदही वाईट नव्हते.

आम्ही सरकारी माणसेही यात धुतल्या तांदळाची नाही. शिवारफेरी झाली, प्रात्यक्षिक झाले की बागेतल्या खोपीत पाहुणचाराचा आग्रह होतो. नाही म्हटले तर साहेबांना गर्व झाला असे बोलले जाते, हो म्हटले तर उद्या त्याच शेतकऱ्याला आम्ही कोणत्या तोंडाने हिशेब ठेवा म्हणून सांगायचे? देबूजीच्या बारशाची आठवण अशा वेळी फार उपयोगी पडते.

घर सोडले, खराटा धरला

१ फेब्रुवारी १९०५ च्या रात्री देबूजीने घर सोडले. वय २८. घरी आई, बायको आणि लेकरे. हा निर्णय घरच्यांवर अन्याय करणारा होता असे कोणी म्हटले तर त्याला उत्तर देणे सोपे नाही. कुंताबाई आणि सखूबाईंनी त्यापुढे जे सोसले ते कोणत्याही संताच्या तपापेक्षा कमी नाही.

पुढची बारा वर्षे हा माणूस गावोगाव भटकला. अंगावर चिंध्या, हातात मातीचे गाडगे. त्यातच भाकर घ्यायची, त्यातच पाणी प्यायचे. कुणी चिंधेबाबा म्हटले, कुणी गोधडेबाबा, शेवटी गाडगेबाबा हे नाव टिकले. गावात शिरले की आधी खराटा घेऊन झाडायला लागायचे. कुणाच्या लाकडांचा ढीग फोडून दे, कुणाची अडलेली गाडी चिखलातून काढ, मगच भाकर घे. फुकट खायचे नाही हा नियम. वऱ्हाडात ऋणमोचन येथे पूर्णा नदीवर जत्रा भरते. तिथे लोकांचे हाल बघून त्यांनी श्रमदानाने घाटाचे काम उभे केले.

रात्री कीर्तन. पण ते कीर्तन पोथीतले नव्हते. बाबा समोरच्या माणसांना प्रश्न विचारायचे आणि माणसे उत्तरे द्यायची. देव कुठे राहतो, देवाला बकरे कोण मागतो, दारू पिऊन कोण श्रीमंत झाला, बायकोला मारणारा मर्द कसला, असे एकामागून एक. उत्तर देता देता माणूस आपल्याच तोंडाने कबूल व्हायचा की आपले चुकते आहे. मध्येच गोपालाच्या नावाचा गजर, मध्येच हसू, मध्येच डोळ्यांत पाणी. बोली अस्सल वऱ्हाडी. समोर मजूर, शेतकरी, बाया, पोलीस, मामलेदार, पुढारी सगळे एकाच जमिनीवर बसलेले. शेवटी दारू सोडा, जनावर मारू नका, शिवाशीव पाळू नका, असे मागणे. बाबा स्वतःसाठी दक्षिणा मागत नसत. कुणी पाया पडायला आला तर काठी उगारत. मी कुणाचा गुरू नाही आणि माझा कोणी चेला नाही, ही त्यांची भूमिका होती.

या पद्धतीत आपल्याला शिकण्यासारखे पुष्कळ आहे. बाबांनी दारुड्याला शिव्या दिल्या नाहीत आणि त्याला लांबही बसवले नाही. त्याला पुढे बसवून विचार करायला लावले. आपण मात्र गावातल्या दारुड्याची थट्टा करतो, शिमग्यात त्याला नाचवतो, आणि तो गटारात पडला की मोबाईलवर फोटो काढतो.

खारेपाटणची रात्र

बाबांचा आणि आपल्या मुलखाचा संबंध एका फार दुःखाच्या प्रसंगाने जोडलेला आहे. राजापूरच्या पुढे खारेपाटण लागते. आज ते सिंधुदुर्गात मोडते, पण १९८१ पर्यंत ते आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यात होते. १९२३ साली बाबांचे कीर्तन खारेपाटणला चालू होते. त्या वेळी तिकडे घरी त्यांचा मुलगा गोविंदा कुत्रा चावल्याचे निमित्त होऊन वारला. तो निरोप कीर्तनातच आला.

बाप होता तो. पण समोर गाव बसले होते. बाबा क्षणभर थांबले आणि त्यांनी कीर्तन पुढे चालू ठेवले. जगात रोज किती लेकरे मरतात, त्यांतल्या एकासाठीच किती रडायचे, अशा अर्थाचे बोलून ते पुन्हा गजरात शिरले, असे सांगतात. ज्यांनी ती रात्र पाहिली असेल त्यांना झोप लागली नसेल.

हा प्रसंग बाबा किती विरक्त होते हे दाखवायला सांगितला जातो. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. समोर बसलेल्या बापांची पोरे वाचावीत म्हणून तो माणूस बोलत होता. आपले पोर गेले म्हणून तो गप्प बसला असता तर त्याला कोणी दोष दिला नसता. तरी तो बोलत राहिला. आणि ते बोलणे ज्यांच्यासाठी होते, त्यांत आपले पणजे-खापरपणजे असतील.

दगडविटा आणि शेवट

लोकांनी दिलेल्या पैशांतून बाबांनी पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी अशा ठिकाणी धर्मशाळा उभ्या केल्या. पंढरपूरला जिथे दलित वारकऱ्यांना उतरायला जागा मिळत नसे तिथे चोखामेळा धर्मशाळा बांधली आणि पुढे ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. मूर्तिजापूरला गोरक्षण काढले. १९५२ साली त्यांच्या कामाची पुढची व्यवस्था पाहण्यासाठी गाडगे महाराज मिशन स्थापन झाले. लाखो रुपयांच्या इमारती, पण स्वतः बाबा उघड्यावर झोपत आणि त्यांच्या घरच्यांचा या इमारतींवर काडीचा हक्क नव्हता. ग्रामपंचायतीचा पैसा हाताळणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.

१९५६ च्या नोव्हेंबरमध्ये मुंबईत वांद्रे येथे त्यांनी पोलिसांपुढे कीर्तन केले. त्याचे ध्वनिमुद्रण झाले, म्हणून तो आवाज आजही ऐकता येतो. ६ डिसेंबरला डॉ. आंबेडकर गेले. त्यानंतर चौदा दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगाव येथे पेढी नदीच्या पुलापाशी, प्रवासातच बाबांनी देह ठेवला. वय ८०. दारूने मेलेल्या बापाचा मुलगा ऐंशी वर्षे जगला, आणि तीही दुसऱ्यांसाठी.

आज बाबा आले तर

समजा, आज बाबा आपल्या वाडीत आले तर काय दिसेल? काळा गूळ आणि नवसागर घालून लावलेली हातभट्टी अजून काही खोऱ्यांत सापडते. माडीत गुंगीचे क्लोरल हायड्रेट मिसळतात. हातभट्टीत मिथिल अल्कोहोल आले तर काही घोटांत डोळे जातात आणि जीवही जातो. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला अशा विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे मेली. त्यांत बहुतेक हातावर पोट असलेले होते.

आता दारूच्या जोडीला गांजा, चरस, गर्द आणि एमडीही आली. २०२३ च्या ऑगस्टमध्ये आपल्या दापोली तालुक्यात कर्दे, लाडघर, केळशी अशा किनाऱ्यांवर चरसाची पाकिटे वाहून आली. कस्टम्स आणि पोलिसांनी दोनशे किलोच्या वर माल गोळा केला. तेव्हा हे शहरातले खूळ आहे, आपल्या पोरांना त्याचे काय, असे म्हणून डोळे मिटता येणार नाहीत.

केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने दिल्लीच्या एम्सकडून देशभर पाहणी करून घेतली, तिचा अहवाल २०१९ साली आला. त्यात दिसले की देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात आणि त्यांतल्या सुमारे ५ कोटी ७० लाख लोकांना दारूच्या त्रासासाठी मदतीची गरज आहे. सर्वांत विचार करायला लावणारा आकडा पुढेच आहे. दारूच्या पुरत्या आहारी गेलेल्या ३८ जणांत जेमतेम एकाला कसले तरी उपचार मिळाले होते. बाकीच्या ३७ जणांच्या वाट्याला काय आले असेल? शिव्या, मार, अंगारा, नाही तर झिंगराजीसारखा शेवट.

बाबांच्या काळी औषधे नव्हती, आज आहेत. दारूचे व्यसन हा आजार आहे हे आज डॉक्टर सांगतात. म्हणून काही गोष्टी नीट समजून घ्या.

पहिली गोष्ट. जो रोज भरपूर पितो त्याची दारू घरात कोंडून एकदम बंद करू नका. दोन-तीन दिवसांत हातापायांना कंप सुटतो, फिट येते, भास होतात आणि त्यात माणूस दगावू शकतो. दारू सोडवायचीच आहे, पण डॉक्टरच्या देखरेखीखाली. शपथ घ्यायला देवळात जरूर जा, पण वाटेत दवाखाना चुकवू नका.

दुसरी गोष्ट. रत्नागिरीत सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. तिथल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यायला लाजू नका. तिथे गेला म्हणजे वेडा झाला, हा समज आता टाकून द्या. पुण्याला १९८६ साली सुरू झालेले मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे. तिथे उपचारांबरोबर घरच्यांनाही समजावून सांगतात. १४४४६ हा केंद्र सरकारचा व्यसनमुक्तीचा टोल फ्री नंबर आहे. अमली पदार्थांची विक्री कळवायची असेल किंवा मदत हवी असेल तर १९३३ हा नंबर आहे. दोन्ही नंबर ग्रामपंचायतीच्या फळ्यावर आजच लिहा.

तिसरी गोष्ट. माणूस सुधारून आला आणि पुन्हा घसरला तर तो कामातून गेला असे समजू नका. या आजारात घसरण होते. करप्याची एक फवारणी वाया गेली म्हणून आपण बाग तोडत नाही.

चौथी गोष्ट, बागायतदारांसाठी. दारू प्यायलेल्या गड्याला फवारणीच्या पंपाला हात लावू देऊ नका. औषधाचे प्रमाण चुकते, तोंडावरचा रुमाल निघतो, वाऱ्याचे भान राहत नाही. विषबाधा झाली तर ती दारूची झिंग समजून तिकडे दुर्लक्ष होते आणि हातची वेळ जाते. मजुरी पैशांत द्या, पेल्यात देऊ नका. आणि जमल्यास ती घरधनिणीच्या खात्यावर पोचेल असे बघा.

गावकारभाऱ्यांना दोन शब्द

सरपंच, पोलीस पाटील आणि ग्रामसेवक भाऊसाहेब, आता तुमच्याशी बोलतो. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात ४६ आणि ४७ अशी दोन कलमे आहेत. आपल्या जमिनीत गांजाची बेकायदा लागवड झाली तर ते कळवणे जमीनमालकावर बंधनकारक आहे, आणि सरपंच, पंच व गावकामगारांवरही. मला माहीत होते पण मी बोललो नाही, ही सबब कायद्याला चालत नाही. परसात भाजीच्या वाफ्याआड लावलेले रोपही लागवडच ठरते.

दारूच्या परवानाधारक दुकानाबाबत गावातल्या बायकांच्या हातात मोठे शस्त्र आहे. २००८ च्या आदेशानुसार एकूण महिला मतदारांपैकी २५ टक्के महिलांनी लेखी मागणी केली तर गुप्त मतदान होते, आणि एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडली तर दुकान बंद होते. हे शस्त्र उचलायला त्यांना मदत करा. निदान अर्ज दाबून ठेवू नका. हातभट्टीसाठी तर मतदानही नको, ती मुळातच बेकायदा आहे.

पण बाबांचे चरित्र वाचल्यावर कायद्याची मर्यादाही कळते. १९४९ साली मुंबई राज्यात दारूबंदीचा कायदा झाला, तरी भट्ट्या आडरानात पेटतच राहिल्या. कारण मागणी घराघरांत होती. दुकान बंद करता येते, पण हळदीचा मांडव पोलीस झाडू शकत नाहीत. तो ज्याचा त्यालाच झाडावा लागतो.

म्हणून वाचकहो, माझे एवढेच मागणे आहे. तुमच्या घरचे पुढचे कार्य, मग ते बारसे असो, हळद असो, घरभरणी असो की आंब्याच्या पहिल्या पेटीचा आनंद असो, देबूजीच्या रीतीने करा. गोडधोड घाला, कोकम सरबत द्या, भजन ठेवा. पहिल्या वेळी लोक नाके मुरडतील, दोन पाहुणे लवकर उठतील. उठू देत. गावात एक घर असे निघाले की पुढच्या वर्षी दुसरे घर निघायला सोपे जाते. कारण ज्याला मनातून नको असते, पण आग्रहापुढे बोलता येत नाही, असा माणूस प्रत्येक वाडीत असतो. त्याला फक्त आधी कोणीतरी नाही म्हटलेले हवे असते.

येत्या २० डिसेंबरला ग्रामपंचायतीत बाबांच्या फोटोला हार पडेल, रस्ते झाडले जातील. त्याच दिवशी संध्याकाळी पाच माणसे वाडीतल्या अशा एका घरी जा, जिथे दिवा लागला की बायकापोरे धास्तावतात. भाषण देऊ नका. बसा, विचारपूस करा, त्याला दवाखान्यात न्यायची तारीख ठरवा आणि त्या तारखेला बरोबर जा. बाबांचा राहिलेला अर्धा खराटा तो हाच.